सहा नंबरची विहीर

आतोबा गेल्यापासून आत्या थोरल्याच्या क्वार्टरमध्ये आली नव्हती. तीन वर्षं होत आली. बोलावणं गेलं की गुडघ्याचं कारण, बसचं कारण, कोंबड्यांना कोण बघणार हे कारण. त्यामुळे रविवारी सकाळी दार उघडल्यावर धाकट्या नणंदेच्या मागे आत्या उभी दिसली, तेव्हाच सुनेने ओळखलं. हे नुसतं रविवारचं जेवण नव्हतं.

"या ना, आत्या. आधी कळवलं असतंत तर—"

"कळवलं असतं तर दादा ऑफिसला निघून गेला असता," धाकटी चपला काढत म्हणाली. "आहे ना घरात?"

थोरला घरातच होता. बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर निळ्या फायलींची चळत मांडून बसला होता. चार दिवस तो तसाच बसत होता. औष्णिक वीज प्रकल्पाचा जुना, कोळशाच्या राखेचा तलाव कायमचा बंद करायचा होता आणि त्याचा पूर्तता अहवाल उद्या, सोमवारी दुपारी बारापर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हातात पडायला हवा होता. पर्यावरण विभागाचा प्रमुख म्हणून सही थोरल्याची. अहवाल कधीच तयार झाला होता. सही तेवढी राहिली होती, आणि ती का राहते आहे हे सुनेला चार दिवस कळत नव्हतं. पेन उघडायचा, बंद करायचा, उठून गॅलरीत जायचा.

थोरल्याचे वडील, अप्पा, खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत होते. बहिणीला बघून ते उठायला लागले.

"बस रे भाऊ," आत्या म्हणाली. "मी काही पाहुणी नाही."

सुनेने सगळ्यांना चहा दिला. अप्पांनी एक कप संपवून दुसरा मागितला. धाकटीने चहाला हातही लावला नाही. तिने पिशवीतून एक कागद काढला, घडी उलगडली आणि भावाच्या फायलींवर ठेवला.

"आत्याच्या हापशाचं पाणी. मी स्वतः भरलं, स्वतः तपासलं. दोनदा."

धाकटी शहरातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काम करत होती. दोनदा म्हणाली म्हणजे तिने चारदा तपासलं असणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

थोरल्याने कागद वाचला. वाचून झाल्यावरही नजर कागदावरच ठेवली.

"बोरॉन बघ," ती म्हणाली. "सल्फेट बघ. आर्सेनिक मर्यादेच्या तिप्पट आहे. हे खतांचं नाही, सांडपाण्याचं नाही. राखेतून झिरपलेलं पाणी आहे हे, आणि आत्या ते किती वर्षं पितेय देव जाणे."

"एका हापशाचा नमुना म्हणजे पुरावा होत नाही," थोरला म्हणाला. आवाज ऑफिसातला होता. "भूजल ठरवायचं ते निरीक्षण विहिरींवरून. तलाव आणि वस्ती यांच्या मध्ये सहा नंबरची विहीर आहे. एकोणीस वर्षं तिचं पाणी स्वच्छ आहे. दर तीन महिन्यांची नोंद आहे."

"आहे ना. तीच तर वाचली मी."

"मग?"

"मग मी मागच्या रविवारी सहा नंबर शोधायला गेले, दादा. मला नाही सापडली."

*

थोरल्याला नियम पाठ होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने कलमासकट सांगितला असता. तळाला अस्तर नसलेला तलाव बंद करताना खालचं भूजल स्वच्छ असेल, तर वरून मातीचा थर टाकून तो तसाच झाकता येतो. नसेल, तर पन्नास वर्षांची राख उकरून अस्तर घातलेल्या नव्या खड्ड्यात न्यावी लागते. झाकायला आठ महिने. उकरायला चार-पाच वर्षं. वरचे लोक उकरण्याचं नावही काढू देत नव्हते. आणि हे सगळं अडलं होतं सहा नंबरवर. हाताच्या पंजाएवढ्या तोंडाचा एक लोखंडी पाइप, साठ फूट खोल, आणि त्यातून निघणारी लिटरभर पाण्याची बाटली.

"नकाशा घेऊन गेले होते," धाकटी सांगत होती. "बांधाच्या पायथ्याशी, झुडपात. पाइप आहे तिथे, पण तोंडापर्यंत सिमेंट भरलंय. त्या सिमेंटला शेवाळ आलंय, भेगा पडल्यात. कालपरवाचं नाही ते. आता मला सांग, सिमेंट भरलेल्या पाइपातून तुमची माणसं दर तीन महिन्यांनी पाणी कुठून काढतात?"

"नमुने घेणारी माणसं वेगळी असतात. मी—"

"तू सही करतोस."

"अहो, जरा हळू बोला दोघं," सून मध्ये पडली. "शेजारी जनरेटरवाले राहतात, त्यांचे कान फार तिखट आहेत." मग नणंदेकडे वळून म्हणाली, "आणि ताई, तुम्ही हे आठवडाभर मनात ठेवलंत आणि आज, अहवालाच्या आदल्या दिवशी, आत्यांना घेऊन येताय? घरातल्या माणसावर असा छापा घालतात का?"

"फोन केला होता मी, वहिनी. तीनदा. याने उचलला नाही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नाही म्हटलं नाही.

"मला कुणाशी भांडायचं नाही," आत्या तेवढ्यात म्हणाली. ती सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसली होती. "हिला मी तेच सांगत होते बसमध्ये. चूक कुणाचीही असो. कारखाना केवढा, माणसं किती. कुणाचं नाव घेऊन माझं काय भलं होणार? आम्हाला पाणी दुसरं द्या, झालं."

थोरल्याला एकदम हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. पाणी देता येईल. टँकर सुरू करता येईल, दुसरं काही कारण दाखवून. सहा नंबरला हात न लावता. तो तोंड उघडणार इतक्यात खिडकीपाशी खुर्ची करकरली.

"सिमेंट मी भरलंय," अप्पा म्हणाले.

*

अप्पा बत्तीस वर्षं बांधावर होते. प्रकल्पातले लोक त्यांना बांधावरचे अप्पाच म्हणत. पाइपातून राखेचं करडं पाणी कुठे सोडायचं, बांध कुठे पाझरतोय, वारा सुटला की कुठल्या बाजूला आधी पाणी मारायचं, हे सगळं त्यांना पायाखालून कळायचं. विहिरींचे नमुनेही त्यांच्याकडेच. दोरीला बांधलेलं नळकांडं खाली सोडायचं, भरून वर घ्यायचं, बाटलीत ओतायचं, चिठ्ठी चिकटवायची. काम पोरखेळाचं. चिठ्ठीवर आकडा बरोबर घातला म्हणजे झालं.

"तेव्हाचे मोठे साहेब," ते म्हणाले, "आता नाहीत ते. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, सहा नंबरचे आकडे वेडेवाकडे येतायत, पाइप आत फुटला असणार. नवी विहीर खणू. तोवर दोन नंबरचं पाणी भर आणि सहाची चिठ्ठी लाव. महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"दोन नंबर तर गेस्ट हाउसच्या मागे आहे," धाकटी म्हणाली. "तलावाच्या वरच्या अंगाला."

"हो. तिथलं पाणी चांगलंच असणार."

"आणि तुम्हाला ते माहीत होतं."

"बांधावर माझ्याएवढं कुणाला माहीत होतं?"

अप्पांनी हात मांडीवर उपडे ठेवले.

"पहिल्या वेळी चिठ्ठी नीट चिकटेना. तीनदा वाकडी बसली. दुसऱ्या वेळी सरळ बसली. वर्ष गेलं, नवी विहीर काही झाली नाही. मी विचारलं एकदा. साहेब म्हणाले, तुम्हाला बांधावर कंटाळा आलाय का? मग नाही विचारलं. पाइप उघडा दिसला तर कुणी विचारेल म्हणून सिमेंटही भरायला सांगितलं. तीन वर्षं मी तशा बाटल्या भरल्या. निवृत्त होताना माझ्या जागी जो आला त्याला दाखवून दिलं, सहाची बाटली दोनवर भरायची. त्याने कारण विचारलं नाही. पुढे तशीच पद्धत पडली."

"किती बाटल्या, अप्पा?" धाकटीने विचारलं.

"पुढच्यांच्या धरून शहात्तर. मोजतो मी अजून. दर तीन महिन्यांनी तारीख येते ना, तेव्हा."

*

आत्याला आकड्यांतलं काही कळत नव्हतं. बोरॉन म्हणजे काय हे तिला बसमध्ये दोनदा सांगून झालं होतं. ती टेबलाकडे बघत होती. तिथे अप्पांचे दोन रिकामे कप होते, एकात एक ठेवलेले.

"भाऊ, तू चहा सोडला होतास ना?"

अप्पांनी मान वर केली नाही.

"माझ्याकडे आलास की म्हणायचास, पित्ताने चहा सोडलाय. इतकी वर्षं मी तुझ्यापुढे नुसती बिस्किटं ठेवतेय. आणि पाण्याची बाटली घरून आणायचास. म्हणायचास, डॉक्टरांनी उकळलेलंच प्यायला सांगितलंय. मी म्हटलं, अरे मी देते उकळून. तर म्हणालास, कशाला तुला त्रास." ती हे आठवत आठवत, एकेक करून बोलत होती. वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात तसं. "आमचे हे माझ्याकडे बघून हसायचे. म्हणायचे, तुझा भाऊ साहेब झाला, आपल्या घरचं पाणी चालत नाही त्याला."

"बायो—"

"नाही, मला बोलू दे. तुला मी विचारलं होतं. अंगणात. ह्यांचे पाय सुजायला लागले तेव्हा. हापशाच्या पाण्याला हल्ली वेगळीच चव लागते, भाऊ, चांगलं आहे ना रे? तू काय म्हणालास?"

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

"म्हणालास, बिनधास्त पी. रिपोर्ट चांगले आहेत."

"मी नळासाठी खटपट केली होती," अप्पा कसंबसं म्हणाले. "तुमच्या वस्तीला नळ मिळावा म्हणून. दोन वेळा. सह्या मीच गोळा केल्या, दारोदार फिरून. तुला आठवतं."

"आठवतं. मग काय झालं त्याचं?"

अप्पांनी थोरल्याकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. अर्ज परत आला होता. परिसरातील भूजल पिण्यास योग्य असल्याने नळजोडणीची निकड दिसून येत नाही. सोबत सहा नंबरच्या विहिरीची नोंद जोडलेली होती. अप्पांच्याच अक्षरातली.

आत्याला हे थोरल्याने सांगितलं, शब्द न चुकवता. ते ऐकून ती भाचीकडे वळली.

"मला एक सांग. ह्यांच्या किडन्या याच पाण्याने गेल्या का?"

धाकटीने बसमध्ये या प्रश्नाची तयारी केली होती. तरी ती अडखळली. "सांगता येत नाही, आत्या. त्यांना साखरही होती. पाण्याने वाढलं असेल. नसेलही. आता कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही."

"म्हणजे हेही मला कळायचं नाही."

"नाही."

"बरं," आत्या म्हणाली, आणि पदराने चेहरा पुसला. चेहरा कोरडाच होता.

*

धाकटी खरं तर थोरल्यावर तुटून पडायला आली होती. बापावर नाही. अप्पांच्या सायकलच्या दांडीवर बसून ती बांधावर जायची, आणि बाटलीत पाणी भरताना ते तिला म्हणायचे, आधी बाटली त्याच पाण्याने विसळ, नाहीतर मोजमाप खोटं येतं. प्रयोगशाळेत नव्या मुलींना ती हेच वाक्य शिकवत असे. आता तिला आतून कुठेतरी रिकामं वाटत होतं, आणि राग धरायला माणूस सापडत नव्हता.

"दादा," ती म्हणाली, एकदम मवाळ होऊन, "एक मार्ग आहे. तू एवढंच लिही, की सहा नंबरच्या जुन्या नोंदी भरवशाच्या वाटत नाहीत, फेरतपासणी व्हावी. नाव कुणाचंच नको. अप्पांचं वय बघ."

सुनेला तिच्या तोंडून हे ऐकून नवल वाटलं. पण थोरला नकारार्थी मान हलवत होता.

"ते विचारतील, कशावरून. मला केव्हा कळलं ते विचारतील." त्याने पेन खाली ठेवलं. "आणि मला आज कळलेलं नाही."

खोलीत सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"सात वर्षांपूर्वी प्रमुखाच्या खुर्चीवर बसलो तेव्हा पहिल्या महिन्यात मी सगळ्या विहिरी बघून आलो होतो. सहा नंबरचं सिमेंट मी पाहिलंय. मग जुनं रजिस्टर काढलं. विहिरीतल्या पाण्याची पातळी लिहिलेली असते ना, ती सहाची आणि दोनची एकच होती. फूट, इंच, सगळं. प्रत्येक वेळी. दोन विहिरींत असं होत नाही. अक्षर कुणाचं होतं ते मी ओळखलं आणि रजिस्टर मिटलं."

"तुला माहीत होतं?" अप्पा म्हणाले. तेवढा एकच प्रश्न, पण ते खुर्चीत आक्रसल्यासारखे झाले. "अरे, मला वाटायचं, माझ्यापुरतं होतं ते. माझ्याबरोबर संपेल."

"मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळतोय."

"सात वर्षं," आत्या म्हणाली. ती कुणालाच उद्देशून बोलली नाही. "ते तीन वर्षांपूर्वी गेले."

थोरल्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. सून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, पण खांद्यावर हात ठेवावा की नाही हे तिला ठरवता येईना. चार दिवसांची त्याची ती पेनची उघडझाप तिला आता समजली होती. सात वर्षांची चिडचिड, रविवारी बांधाकडे फिरायला जायचं टाळणं, आत्याकडे जायचं म्हटलं की काढलेली कामं, तेही समजलं होतं.

"मी तरी काय केलं?" धाकटी पुटपुटली. "चौदा वर्षं परक्यांचं पाणी तपासतेय. आत्याकडे जाऊन जेवून यायचे. आतोबा गेले तेव्हाही बाटली न्यायचं सुचलं नाही. जुन्या रिपोर्टवर अप्पांचं नाव होतं, मला वाटलं, अप्पांनी बघितलंय."

आत्या उठली. गुडघ्यावर हात टेकून, कुणाचा आधार न घेता.

"मघाशी मी म्हटलं होतं, कुणाचं नाव नको. ते मी मागे घेतलं. नाव लिहा. माझ्या वस्तीत चाळीस घरं आहेत, त्यांना उद्या मी काय सांगू? माझ्याच घरच्यांनी केलं म्हणून गप्प बसले?" ती भाचीला म्हणाली, "चल, मला बसपर्यंत सोड."

"जेवून जा, आत्या," सून म्हणाली.

"आज नको, बाई."

ती दारापर्यंत गेल्यावर अप्पा उभे राहिले. "मंडळाची माणसं आली की मी जातो. त्याने लिहायचं ते लिहू दे. सहा नंबर कुठे आहे, किती खोल आहे, केव्हा बुजवली, ते मी त्यांना दाखवतो. सगळं माझ्या तोंडून सांगतो."

आत्या थांबली होती. पण मागे वळली नाही.

*

सोमवारी सकाळी थोरल्याने अहवालाच्या शेवटच्या पानावर सही केली नाही. त्याने स्वतःच्या हाताने दोन पानं जोडली, सहा नंबरविषयी आणि स्वतःविषयी, आणि ती फाइल घेऊन तो मंडळाच्या कचेरीत बारा वाजायच्या आत पोचला. संध्याकाळी त्याला पदावरून दूर केल्याचं पत्र आलं. चार महिन्यांनी त्यांनी क्वार्टर सोडलं. तलाव झाकायचा बेत बारगळला आणि पुढे खरोखरच उकरायचा हुकूम निघाला. ते काम सुरू व्हायला दोन वर्षं लागली. तोवर आतोबांसारखी वस्तीतली आणखी तीन माणसं गेली. कशाने, ते त्यांच्याही बाबतीत कुणाला सांगता आलं नाही.

पण ते पुढचं. बुधवारी अप्पा बांधाच्या पायथ्याशी उभे होते. मंडळाची अधिकारी आली होती. तरुण होती, उन्हाने लाल झालेली, बुटांवर राखेचा थर. तिच्याबरोबर दोन मजूर आणि नमुन्यांची पेटी. वस्तीतली माणसं झुडपांच्या पलीकडे जमली होती. अप्पांनी काठीने जागा दाखवली. सिमेंट त्यांनीच भरलं होतं, चांगलं भरलं होतं. वरचा थर फोडायला पाऊण तास लागला, आणि खालचं निघेना. मग शेजारी नवं भोक पाडायचं यंत्र आलं, आणि दुपार कलताना पहिली बाटली भरली.

पाणी दिसायला स्वच्छ होतं. कुठल्याही पाण्यासारखं. अप्पांनी ते उन्हात धरून पाहिलं आणि बाटली परत दिली.

"आता जबाब," अधिकारी म्हणाली. जीपच्या बॉनेटवर कागद पसरून ती एकेक रकाना विचारत गेली. हुद्दा. नोकरीची वर्षं. नमुने कुणी घेतले.

"मी."

"चिठ्ठ्या कुणी लावल्या?"

"मी."

"विहीर कुणी बुजवली?"

"मी. सांगितलं दुसऱ्याने, पण हात माझे."

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या रकान्यावर आली. "बाधित वस्तीत तुमचं कुणी नातेवाईक राहतं?"

"बहीण."

"सख्खी की लांबची?"

अप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी बॉनेटची कड धरली. अधिकारी पेन रोखून थांबली. तिला वाटलं, ऐकू आलं नसावं, म्हणून तिने तोच प्रश्न मोठ्याने विचारला.

"सख्खी," झुडपांच्या बाजूने आवाज आला.

आत्या गर्दीतून दोन पावलं पुढे आली होती. भावाकडे न बघता ती कागदाकडे बघत होती.

"सख्खी आहे. नीट लिहा."

अधिकारी बाईने लिहिलं. अप्पा वळले तेव्हा आत्या पाठ फिरवून वस्तीच्या वाटेला लागली होती. ते तिच्या मागे काही पावलं गेले. मग थांबले, कारण ती थांबली नव्हती.